ग्रेटाचा तिसरा निरोप

आमच्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाचे कपडे मी एकोणीस वर्षं धुते आहे. कपडे, पॅड, हेल्मेट, सगळं माझ्या ताब्यात. त्यामुळे कोणाचं डोकं किती मोठं, हे कोचच्या आधी मला कळतं. ग्रेटा डायखाउसचं सगळ्यात मोठं. हा टोमणा नाही. ती कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून चेंडू झेलणारी. तिथे मास्कशिवाय बसू देत नाहीत, आणि तिला कुठलाच मास्क बसेना, म्हणून खास मागवावा लागला होता.

या ग्रेटाला आम्ही तीनदा निरोप दिला. कॉलेजात खेळायला चारच वर्षं मिळतात. शेवटच्या वर्षाच्या मुलींनी घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्याआधी आईवडिलांसोबत चालत यायचं, फुलं घ्यायची, आणि कार्डावर लिहून दिलेला 'पुढचा बेत' माइकवरून वाचला जाताना लाजून उभं राहायचं, अशी आमची पद्धत. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये साथ आली, हंगाम अर्ध्यात गुंडाळला आणि ग्रेटाला आम्ही पार्किंगमध्येच, तपकिरी सूट घातलेल्या तिच्या वडिलांसमोर, फुलं देऊन आणि केक कापून निरोप दिला. मी रडलेसुद्धा. महिन्याभरात वरून निर्णय आला की वाया गेलेलं वर्ष त्या चारांत धरायचं नाही. सप्टेंबरमध्ये ग्रेटा दारात हजर.

"मिस व्हर्ला, माझा मास्क टाकला नाहीत ना?"

पुढच्या वर्षी पुन्हा फुलं, पुन्हा तिच्या वडिलांचा तोच तपकिरी सूट. फुलं देऊन झाली आणि पाहुण्या संघातल्या कोणाची तरी तपासणी पॉझिटिव्ह आली. त्यांची बस आल्या पावली परत गेली. अर्धेअधिक सामने असेच बुडाल्यामुळे तेही वर्ष धरायचं नाही असं ठरलं. या खेपेला मी रडले नव्हते, ते बरंच झालं.

सगळ्यांना याची गंमत वाटायची, एक इनेस आर्चुलेटा सोडून. इनेस आमची दुसरी कॅचर. ग्रेटा गेली की तुझी पाळी, असं तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ग्रेटा काही जाईना. इनेस कुंपणाबाहेर उकिडवी बसून चेंडू फेकणाऱ्या पिचर मुलींचा सराव करून घेत राहिली. तिचे गुडघ्याचे पॅड मी धुवायचे म्हणून धुवायचे, त्यांना मैदानाची लाल माती लागलेलीच नसायची. जादा वर्ष तिलाही मिळत होतं. ती नको म्हणाली.

"जूनपासून हॉस्पिटलात नर्सची नोकरी आहे, मिस व्हर्ला. तिथे निदान उभं तरी राहायला मिळेल."

तर या मे महिन्यात दोघींची नावं निरोपाच्या यादीत आली. निरोपाच्या मुलीला त्या दिवशी सुरुवातीपासून खेळवायचंच, हीसुद्धा आमची पद्धत. आणि कॅचरची जागा एक.

"इनेसला उजव्या कोपऱ्यात लांब उभी करतो," कोच रॅडकी म्हणाले. "एक चेंडू पडला की काढून घेतो. पद्धतही पाळली, सामनाही जिंकला."

"तिचे आईवडील न्यू मेक्सिकोहून चौदा तास गाडी हाकत येताहेत. गवतात उभी असलेली पोरगी बघायला?"

"हरलो तर हंगाम संपला, व्हर्ला. तू मोजे बघ."

मी मोजे बघितले. रागाच्या भरात पाणी इतकं कडक लावलं की सगळे आखडले.

सामन्याच्या दिवशी सकाळी ग्रेटा कपडे धुण्याच्या खोलीत आली आणि मास्क माझ्यासमोर ठेवला.

"हा हरवा."

"काय?"

"आजचा दिवस. कोचना सांगून बघितलं. म्हणाले, हळवी होऊ नकोस."

"अगं, हरलात तर तुझं हे शेवटचं. चौथ्यांदा कोणी तुला फुलं देणार नाही."

"माहितीये. तीन वर्षं तिला 'पुढच्या वर्षी तूच' म्हणतेय मी. आता माझं मलाच ऐकवत नाही."

मी धुण्याच्या यंत्रात टॉवेलांच्या खाली मास्क घातला आणि यंत्र चालू केलं.

दुपारी समारंभ झाला. तपकिरी सूट एव्हाना बटणाशी भांडत होता. ग्रेटाचा 'पुढचा बेत' वाचला गेला, "घरी जाणार. या वेळी खरंच." लोक पोट धरून हसले. मग कोच मास्क शोधू लागले. त्यांनी इनेसचा मास्क ग्रेटाच्या डोक्यावर दाबून बघितला, पाहुण्यांचा मागून आणला, तोही कानांवर अडकला. माझ्याकडे वळले तेव्हा मी टॉवेलांच्या घड्या करत होते.

"हरवला," मी म्हटलं.

"एकोणीस वर्षांत तू कधी मोजा हरवला नाहीस."

"वय झालं, कोच."

पंच घड्याळ दाखवू लागले. कोचनी हात वर केले. इनेस कॅचर झाली आणि ग्रेटा उजव्या कोपऱ्यातल्या गवतात गेली.

पहिला चेंडू इनेसच्या हातून निसटला. तिच्या आईने डोळे झाकून घेतले. नंतर मात्र इनेस एकेका चेंडूवर आडवी पडत होती, अशी की मला यंत्राची काळजी वाटू लागली. शेवटच्या डावात बरोबरी झालेली असताना एक उंच फटका ग्रेटाच्या दिशेने गेला. लांब उभं राहायची तिला सवय कुठली? चेंडू तिच्या त्या एवढ्या मोठ्या डोक्यावरून मागे गेला. तिने धावत जाऊन उचलला आणि जीव खाऊन फेकला. इनेस त्यासाठी मातीत लोळली. पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे पाहुण्यांची मुलगी आधी पोचली होती, धाव झाली. आमच्या शेवटच्या पाळीत एकही धाव निघाली नाही, आणि एका धावेने हरलो.

तासाभराने ग्रेटा खोलीत आली. मी ओला मास्क तिच्या हातात दिला. तिने तो तिथेच डोक्यावर चढवला आणि टॉवेलांच्या ढिगावर बसली.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"खूप," ती मास्कच्या आतून म्हणाली, आणि रडू लागली.

मलाही भरून आलं होतं. मी पाठ फिरवून इनेसचे पॅड धुवायला घेतले. तिसऱ्या पाण्यालाही माती निघत होती.