मिस्त्री घरी बसणार नाहीत

"हात हलवू नका," मालकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि मिस्त्रींनी लगेच कोपर वाकवून पाहिलं. कोपर सुजून भोपळ्याएवढं झालं होतं. वाकलं तेवढं वाकलं, पुढे अडलं. हातोडी उचलता येईल का, एवढंच त्यांना बघायचं होतं. दुखतंय किती, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरलाच नव्हता.

स्वयंपाकघरात सगळं घर गोळा झालं होतं. थोरला दाराला टेकलेला, धाकटा ओट्यापाशी, आणि थोरली सून बर्फाचं फडकं बदलत होती. पोरं काहीतरी ठरवून आलीत हे मालकीणबाईंनी त्यांच्या खाकरण्यावरूनच ओळखलं.

घडलं होतं ते असं. घर सडकेच्या या बाजूला, गॅरेज समोरच्या बाजूला. ठोकलेल्या गाड्या सरळ करायचं गॅरेज. मिस्त्रींनी उभ्या जन्मात दुसरं काही केलं नव्हतं. चेपलेल्या पत्र्याला आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडी चालवायची, आणि गाडी कुठे आपटली होती हे खुद्द मालकालाही सापडू नये अशी करून द्यायची. त्या ठोकाठोकीत त्यांचे कान कधीच गेले होते. सकाळी ते नेहमीसारखे सडक ओलांडत होते. पुढे एक ट्रक वळत होता म्हणून अलीकडच्या गाड्या घटकाभर थांबल्या, आणि थांबलेल्यांत त्यांना एक पांढरी गाडी दिसली. तिचा दरवाजा त्यांच्याच हातचा. तिच्या पुढून पलीकडच्या अंगाला जाऊन मिस्त्रींनी तिथेच, सडकेच्या मधोमध, डोळे मिटले आणि तळहात दरवाजावरून फिरवला. पत्र्याची लाट डोळ्यांना फसवते, तळव्याला फसवत नाही, असं ते म्हणत. लाट नव्हती. मनाजोगतं काम झालं की गॅरेजमध्ये ते एक पाऊल मागे सरून त्याच्याकडे लांबून बघत. इथेही सरले. गॅरेजमध्ये मागे भिंत असते. इथे मागे सडकेची पलीकडची बाजू होती, आणि तिच्यावरून सामान पोचवणारी एक व्हॅन सुसाट येत होती. तिचा आरसा कोपराला लागला. वीतभर आणखी मागे सरले असते तर कोपरावर भागलं नसतं.

"आई," थोरला शेवटी म्हणाला, "उद्यापासून बाबा घरी."

मालकीणबाईंनी विचारलं, हे ठरवलं कोणी. दोघांनी मिळून ठरवलंय, असं थोरला म्हणाला. डॉक्टरही तेच म्हणाले. उद्या काही बरंवाईट झालं तर लोकांना तोंड काय दाखवायचं. धाकट्याने पुस्ती जोडली की बाबांनी खूप केलं, आता आराम करू दे त्यांना.

आराम हा शब्द मालकीणबाईंच्या कानाला झोंबला. शेजारच्या बँकवाल्यांना त्यांनी आराम करताना पाहिलं होतं. सकाळी गॅलरीत, दुपारी आतल्या खोलीत, संध्याकाळी परत गॅलरीत, आणि एक दिवस कुठेच नाही.

"चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

"बाबांची. भर सडकेत उभे राहिले."

"आणि तो व्हॅनवाला?"

"तो नियमातच होता, आई. तिथे साठने जायची परवानगी आहे."

"मग परवानगी चुकली. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका माझ्या घरात."

थोरला हसला. तो मुळात गमत्या. म्हणाला, "आई, गाड्या सावकाश जायला लागल्या तर आपटणार कशा? आणि आपटल्या नाहीत तर आम्ही ठोकायचं काय, कपाळ?"

मिस्त्री मघापासून मालकीणबाईंच्या तोंडाकडे बघत होते. बाकी कोणाचं बोलणं त्यांना कळत नसे, फक्त बायकोचं कळे. जन्मभर बोलणी खाऊन तिचे ओठ त्यांना पाठ झाले होते. पोरं काय म्हणाली ते त्यांनी तिच्या उत्तरांवरूनच ताडलं, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बसतो मी घरी. कशाला भांडता."

त्या दिवशी मालकीणबाईंनी वाद तिथेच सोडला. माणूस स्वतःच हार मानून मोकळा झाला की वकिलाने काय करायचं.

मिस्त्री घरी बसले. पहिले काही दिवस बरे गेले, कारण कोपराची सूज उतरल्यावर त्यांना स्वयंपाकघर सापडलं. पोचे आलेली पातेली, डबे, बादली, एकेक घेऊन त्यांनी ठोकून सरळ केलं. बुडं अशी सपाट झाली की सून कौतुकाने शेजारणींना दाखवू लागली. मग एके दिवशी त्यांनी दुधाच्या भांड्याची चोचही पोचा समजून ठोकून सपाट करून टाकली. दूध ओतायला गेलं की चारी बाजूंनी वाहायचं. सून हसावं की रडावं अशा तोंडाने ते भांडं घेऊन उभी राहिली, आणि मिस्त्री ओशाळून दुसऱ्या खोलीत गेले. त्यानंतर ठोकायला काही उरलं नाही. ते खिडकीशी खुर्ची घेऊन बसत आणि समोरच्या गॅरेजकडे बघत. धाकटा पत्रा मारताना त्यांची बोटं मांडीवर हलत. एका सकाळी मालकीणबाई चहा घेऊन आल्या तर खुर्ची फिरवलेली. मिस्त्री पाठ खिडकीकडे करून कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

मालकीणबाईंनी चहा तसाच परत नेला आणि मोरीत ओतला. त्यांच्या हाताला काहीतरी ओतायलाच हवं होतं.

त्याच आठवड्यात टायरवाला घरी आला. सडकेवरच्या दुकानदारांचा तो पुढारी. सडकखात्याने लोकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. साठचे चाळीस करायचे म्हणे, तुमचं म्हणणं काय ते सांगा. टायरवाल्याचं म्हणणं असं की चाळीसने गेलं की गिऱ्हाईक दुसऱ्या सडकेने जाणार, आणि टायर झिजायचेही कमी होणार. त्याने हात जोडले. "मावशी, तुम्ही फक्त उभ्या राहा. तुमच्या तोंडापुढे साहेब टिकायचा नाही. तुमचं तर सगळं पोटच या वेगावर आहे."

सगळी सडक मालकीणबाईंना तोंडावर मावशी आणि पाठीमागे तोफ म्हणत असे, आणि त्यांना दोन्ही ठाऊक होतं. त्या फक्त म्हणाल्या, येते. पोरं खूश झाली. आईचं डोकं ठिकाणावर आलं, असं धाकटा बायकोला म्हणाला. मालकीणबाईंनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

हॉलमध्ये बाकं लहान मुलांची. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती, आणि त्यामुळे सगळेच शिक्षा झाल्यासारखे दिसत होते. साहेब तरुण होता, चष्मेवाला, स्वभावाने गरीब वाटत होता. आधी ट्रकडेपोचा मालक बोलला. त्याचे ट्रक ठोकले की मिस्त्रींकडेच येत, तेव्हा बोलताना त्याने मालकीणबाईंकडे बघून मान हलवली. सडक ही पळायला असते, तो म्हणाला, रांगायला नाही. टाळ्या पडल्या. मग टायरवाल्याने खूण केली आणि मालकीणबाई बाकातून कशाबशा सुटून उभ्या राहिल्या.

"मला लिहिता-वाचता बेताचं येतं," त्यांनी सुरुवात केली, "पण तोंड धड आहे, म्हणून मला इथे आणलंय. आमच्या घरात चूल पेटते ती तुमच्या आपटण्यावर, हे खरं. या सडकेने आम्हाला जेवू घातलं. पण जेवू घातलं म्हणून तिने माझा माणूस मागावा, हे मला कबूल नाही. आमचे मिस्त्री बहिरे आहेत, आंधळे नाहीत. गाडी सावकाश आली तर त्यांना दिसते. दिसली तर ते थांबतात. ते थांबतात, तसं तुम्हीही जरा सबुरीने या. चाळीस करा."

हॉलमध्ये आधी कोणाला कळलंच नाही. टायरवाल्याने टाळीसाठी उचललेले हात तसेच गुडघ्यांवर ठेवले. डेपोवाला म्हणाला की मावशी, एका माणसापायी सगळ्या गावाचा खोळंबा करायचा का. साहेबानेही समजुतीने सुचवलं की आजोबांना कोणीतरी हात धरून पलीकडे सोडलं तर नाही का चालणार.

"हात धरून?" मालकीणबाई म्हणाल्या. "ज्या माणसाने तुमच्या सगळ्यांच्या गाड्या सरळ केल्या, त्याला मी बकरीसारखा ओढत नेऊ? तो आपल्या पायांनी जाईल. आणि एका माणसाचं म्हणाल, तर म्हातारे तुम्हीही होणार आहात. नाही झालात तर त्याचं कारणही हीच सडक असेल."

कोणीतरी मागे हसलं. धाकटा उठला आणि बाहेर निघून गेला. दाराजवळच्या बाकावर एक परिचारिका बसली होती, रोज सडकेपलीकडच्या दवाखान्यात जाणारी. ती हळूच म्हणाली, माझंही चाळीस लिहा. मग तिच्या शेजारचा म्हणाला. सगळ्यांनी काही चाळीस म्हटलं नाही. निम्म्यांनीही नाही.

घरी आल्यावर धाकट्याने एकच वाक्य टाकलं. म्हणाला, "आई, तू आमच्या ताटात माती कालवलीस," आणि तिथून पुढे बोलणं बंद. डेपोवाल्याने ट्रक दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली. टायरवाला समोरून आला की आभाळाकडे बघून जाऊ लागला. गॅरेजच्या दारात पोरं दुपारची रिकामी उभी दिसत, आणि ते मालकीणबाईंना खिडकीतून दिसतच होतं. त्यांनी धाकट्याला वाढताना हात आखडला नाही, आणि माफी मागायला जीभ सैलही केली नाही. सून म्हणाली, दोन गोड शब्द बोला ना. त्या म्हणाल्या, "खरं बोलल्याबद्दल साखर वाटायची सवय नाही मला."

बऱ्याच महिन्यांनी सडकेवर गोल पाटी लागली. चाळीस. गाड्यांनी तिला शेतातल्या बुजगावण्याएवढाही मान दिला नाही. मालकीणबाई परिचारिकेला घेऊन सडकखात्यात गेल्या. तिथे बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, उत्तर दिलं नाही. त्या पुन्हा गेल्या. पुन्हा पाणी. नंतर त्या घरून पाणी पिऊनच जाऊ लागल्या, म्हणजे तिथल्या माणसाला द्यायला उत्तराशिवाय काही उरू नये. शेवटी कामगार आले. गॅरेजसमोर सडक दोन्ही अंगांनी आत घेऊन अरुंद केली, पांढरे पट्टे ओढले, आणि खांबावर कॅमेरा बसवला. दंडाच्या पावत्या घरोघर पोचल्या, तशा गाड्या शहाण्या झाल्या.

ज्या दिवशी मालकीणबाईंनी खिडकीतून पाहिलं की एक व्हॅन पट्ट्यांपाशी आपणहून हळू झाली, त्या दिवशी त्या मिस्त्रींसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अंगावरची रोजची साडी बदलली होती, केस नीट बांधले होते.

"उठा. गॅरेजला जायचंय."

मिस्त्रींनी त्यांचे ओठ वाचले आणि मान हलवली. "नको. पोरं करतात."

मालकीणबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. सडकेशी भांडता भांडता हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी बसल्याबसल्या मिस्त्रींचे पाय बारीक झाले होते. मोरीपर्यंत जाऊन आले तरी ते खुर्चीचा हात धरत. सडक सरळ व्हायला इतके दिवस लागले, आणि इकडे माणूस वाकून गेला.

"हात राहिला नाही गं," मिस्त्री म्हणाले. या वेळी आवाज मोठा नव्हता. "पत्रा आता माझं ऐकायचा नाही."

मालकीणबाई खाली वाकल्या, त्यांना नीट दिसेल अशा. "मी पत्रा मारायला सांगतेय का? जाऊन बसा आणि पोरांच्या चुका काढा. चुका काढायला हात लागत नाही. मी जन्मभर काढल्या, मला कधी लागला?"

मिस्त्रींच्या ओठाचा कोपरा हलला. मग त्यांनी पायांनी चपला शोधल्या.

सकाळची वर्दळ होती. पट्ट्यांच्या टोकाशी दोघे थांबले. डावीकडून गाडी आली, हळू झाली, थांबली. उजवीकडचीही थांबली. मिस्त्री निघाले. मालकीणबाई त्यांच्याबरोबर चालल्या, अर्धं पाऊल मागे, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून. ते हात पुढे जायला ओढ घेत होते म्हणूनच तसे धरले होते.

बरोबर मधोमध मिस्त्रींचा दम संपला. ते उभे राहिले. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग वाढत गेली. समोर गॅरेजच्या दारातून धाकटा धावत निघाला, बाबांना धरायला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मायलेकरांची नजरानजर झाली. मालकीणबाईंनी मान हलवली. नको, ये म्हटल्याशिवाय येऊ नकोस. तो सडकेच्या कडेलाच थांबला, हात अर्धवट पुढे केलेले.

सगळ्यात पुढच्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "आजी, आजोबांना जरा बाजूला घ्या ना. सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत," मालकीणबाई म्हणाल्या. "आम्हीही उभेच आहोत."

मागून हॉर्न सुरू झाले. त्या दोघांत ते फक्त मालकीणबाईंच्या कानावर येत होते, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मानेमागून पुसलं, रुमालाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. एक लांब श्वास घेतला. आणखी एक घेतला.

मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.