चुलीवरची लसूण

सुंदराचं पत्र ज्येष्ठात आलं, भात पेरायच्या घाईत, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. गावातल्या निम्म्या घरांची पत्रं आजवर मीच लिहिली. कुणाचा मुलगा मुंबईला गिरणीत, कुणाचा लढाईवर. त्यांच्या आया माझ्या ओटीवर येऊन बसायच्या, बोलता बोलता रडायच्या, आणि मी ते सगळं सरळ वाक्यांत बसवून त्यांना वाचून दाखवायचो. स्वतःच्या मुलीला चार ओळी लिहायच्या तर मला अख्खा पावसाळा पुरला नाही.

पत्रात तसं विशेष काही नव्हतं. सासरी लोधिवलीला सगळे बरे आहेत. जावयांनी घरामागची विहीर उपसून खोल केली, पाणी चांगलं लागलं, तेव्हा यंदा परसात लसूण लावायची आहे. ‘आईने बांधून ठेवलेली लसूण दिवाळीपर्यंत सांभाळा, बाबा. मी न्यायला येईन. चूल रोज पेटवा. तुम्हाला नको असेल तर लसणीसाठी पेटवा.’ हे शेवटचं वाक्य तिने बराच वेळ विचार करून लिहिलेलं असणार. मी गावचा शाळामास्तर होतो, ती माझ्याच शाळेत शिकली. तिला काय विचारायचं होतं आणि काय विचारायचं टाळलं होतं, ते मला पहिल्याच वाचनात कळलं.

चूल पेटत नव्हती.

माझी बायको जयवंता फाल्गुनात गेली. त्याच्या आधी थोडे दिवस तिने परसातली लसूण उपटली होती. अंगात ताप होता, तरी सावलीत बसून तिने पात मऊ पडेपर्यंत वाट पाहिली आणि एकेक वेणी घालत गेली. शेवटची वेणी सैल होती. ती तशीच तिने माझ्या हातात दिली आणि मी स्टुलावर चढून ती चुलीवरच्या आडव्या बांबूला बांधली. ही लसूण तिने लग्नानंतर खालापूरकडच्या आपल्या माहेरून आणली होती. बारीक, लालसर सालीची, तिखट. बाजारची लसूण घरात आली तरी ती खायला, लावायला कधीच नाही. सुंदराच्या लग्नात तिने मूठभर पाकळ्या तिच्या ओटीत घातल्या होत्या, पण लोधिवलीला तेव्हा पाणी नव्हतं, त्या वाळून गेल्या. ‘पाणी झालं की पुन्हा देईन,’ असं जयवंता तिला म्हणाली होती. आता पाणी झालं होतं.

आमच्याकडे पाऊस लागला की मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी पेटत नाही, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते. अशा हवेत लसूण टिकते ती फक्त चुलीवर. सकाळ-संध्याकाळ खालून धूर लागतो, साल काळी पडते, पण आत पाकळी घट्ट राहते. हे इथल्या कुठल्याही घरात माहीत आहे. मलाही माहीत होतं.

सुतकात चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारच्या हिरामणची बायको सोनुबाई जेवण आणून देत होती. सुतक फिटलं, आणि जेवण येतच राहिलं. मी नको म्हटलं नाही. ज्येष्ठात पत्र आल्यावर मात्र मी उठून स्वयंपाकघरात गेलो. राख थंड आणि ओली होती. जाळ मला करता येत नाही असं नाही. लाकडं रचली, खाली पाला घातला, धूर झाला, जाळ होईना. जयवंताची फुंकणी भिंतीला उभी होती. तोंडाकडचा तिचा भाग हात लागून लागून गुळगुळीत झाला होता. मी ती ओठांपर्यंत नेली आणि परत होती तिथे ठेवून दिली. मग बाहेर ओटीवर येऊन बसलो.

त्या आठवड्यात मी पुस्तकं चाळत होतो. भाजीपाल्याच्या लागवडीवरचं एक जुनं पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात लिहिलेलं सापडलं की लसूण थंड, कोरड्या, हवेशीर जागी टांगावी. मी ते दोनदा वाचलं. लगेच स्टुलावर चढलो, वेण्या सोडल्या आणि माजघराच्या खिडकीशी टांगल्या. फार बरं वाटलं. पुस्तकाने मला सांगितलं असं तेव्हा वाटलं होतं. खरं म्हणजे मला जे हवं होतं ते मी पुस्तकात शोधलं होतं.

सोनुबाईने ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं. हातात भाकरीचं ताट, डोक्यावर इरलं.

“मास्तर, लसूण हितं का आणली?”

“हवा लागावी म्हणून. पुस्तकात तसं दिलंय.”

“पुस्तकात पाऊस पडतो का?”

“लिहिणारा घाटावरचा आहे,” मी म्हटलं.

“मंग घाटावर नेऊन टांगा.” तिने ताट ठेवलं, एक गड्डी दाबून पाहिली. “द्या हिकडं. मी माज्या चुलीवर नेते. माजी रोज पेटते.”

“राहू दे. मी उद्यापासून चूल पेटवणारच आहे.”

“उद्या म्हंजी कवा?”

मी ताट उचलून आत नेलं. तिने पुन्हा विचारलंही नाही. त्या वेण्या तिच्या हातात दिल्या असत्या तर माझी चूल बंद आहे हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. जसं काही ते तिला माहीतच नव्हतं, आणि रोजचं ताट तिच्याच घरून येत नव्हतं.

डोंगरावरच्या वाडीतली मंगळी मोळी विकायला यायची. मी दर खेपेला तिच्याकडून मोळी घ्यायचो आणि पडवीत रचून ठेवायचो. भाद्रपदात तो ढीग माझ्या छातीपर्यंत आला. मंगळीने मोळी खाली टाकली आणि ढिगाकडे पाहत उभी राहिली.

“मास्तर, लाकडं खातां का काय?”

“पावसाळ्याची बेगमी,” मी म्हटलं.

“पावसाळा सरला की.”

सरला नव्हता, पण सरत आला होता. त्या दिवसांत सोनुबाईने आणलेल्या भाकरीबरोबर लसणीची चटणी असायची. एकदा मी तिला म्हणालो, की आजच्या चटणीला जयवंताच्या हातची चव आली. कित्येक दिवसांनी मी आणखी एक भाकरी मागून घेतली होती. सोनुबाई नुसती हसली.

उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. ‘चि. सुंदरास अनेक आशीर्वाद’ इथवर हात चालायचा. पुढे ‘चूल पेटते’ लिहावं तर खोटं, ‘पेटत नाही’ लिहावं तर ती दुसऱ्या दिवशी पोराबाळांना टाकून धावत येईल. आणि कुणी माझ्यासाठी धावत यावं एवढी आपली योग्यता आहे असं मला कधी वाटलेलं नाही. शाळेतही मुलं माझा तास विसरून जायची आणि मी कुणाला बोललो नाही.

नवरात्रात घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी हिरामण लोधिवलीजवळच्या चौक गावाला बैल बघायला गेला होता. परत आला तो तसाच माझ्या ओटीवर.

“तुमची सुंदरा भेटली, मास्तर.”

“बरी आहे ना?”

“बरी हाय. वाफे करून ठेवलेत म्हनाली, माती अशी भुसभुशीत. दिवाळीआधी येते लसूण न्यायला.” त्याने टोपी काढून गुडघ्यावर झटकली. “तुमी पत्राला जवाब दिला नाय म्हून रडकुंडीला आली व्हती. बाबा माज्यावर रागावलेत का, इचारत व्हती.”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगनार? म्हटलं, मास्तर झ्याक हायत. चूल पेटते, लसूण चुलीवर हाय.”

“अरे हिरामण…”

“पोरगी रडायला लागली तर मानूस काय बोलंल?”

तो गेल्यावर मी माजघरात गेलो. इतके दिवस खिडकीकडे पाहायचं मी टाळत होतो. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर वेण्या काढल्या. लांबून त्या जशा बांधल्या होत्या तशाच दिसत होत्या, पण हातात घेतल्या तर वजनच नव्हतं. गड्डी दाबली की साल आत जायची आणि बोटाला काळी भुकटी लागायची. काहींना कोंब फुटून ते तिथल्या तिथे वाळले होते. काही आतून पिवळ्या, चिकट, आणि त्यांना घाण येत होती. मी अंगणात सूप घेऊन बसलो आणि एकेक गड्डी फोडत गेलो. सोनुबाई आली, तिने सुपात पाहिलं, आणि समोर बसून ती पण फोडायला लागली. पुस्तकाचं नाव तिने काढलं नाही. काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मध्येच मला एक आठवलं.

“सोनुबाई, जयवंताने तुम्हाला थोडी दिली होती ना? लसूण उपटली तेव्हा?”

“दिली व्हती की. दोन वेन्या.”

“चुलीवर आहेत?”

तिचे हात थांबले. “मास्तर, पावसाळाभर चटनी कशाची खाल्लीत?”

मी हातातली गड्डी सुपात ठेवली.

“मला तरी काय ठावं, लावायला कमी पडंल म्हून? तुमी जेवत नव्हतात. ती चटनी असली की दोन घास जायचे. चव जयवंताच्या हातची म्हनालात, तवा मी म्हटलं, येनारच, लसूण तिचीच हाय.” तिने पदराने नाक पुसलं. “शेवटची गड्डी घट बसायच्या आदल्या दिशी वाटली.”

“कुणाची चूक नाही,” मी म्हटलं. सोनुबाईपुरतं ते खरं होतं.

सूर्य वर आला तेव्हा सुपाच्या एका कोपऱ्यात मूठभर पाकळ्या जमल्या होत्या. सुकलेल्या, पण आत घट्ट, आणि टोकाला हिरवा कोंब. बाकी नुसत्या साली. त्यातल्या कोरड्या, स्वच्छ तेवढ्या सोनुबाईने पदरात गोळा केल्या. तिच्या सुनेला नुकतीच मुलगी झाली होती. बाळाला निखाऱ्यावर लसणीच्या सालींची धुरी देतात. जयवंताच्या लसणीचं तेवढं तरी कुणाच्या उपयोगी पडलं.

“ह्या पाकळ्या सुंदरासाठी ठेवतो,” मी म्हटलं.

“ती येईस्तवर कोंब सुकंल. ह्या थांबायच्या नाय. आजच मातीत घाला.”

म्हणजे सुंदराने केलेले वाफे रिकामे राहणार होते. मी जयवंताच्या वाफ्याचा एक कोपरा खुरपला आणि टोक वर ठेवून पाकळ्या लावल्या. जागा केवढीशी लागली. एका सुपाखाली झाकली गेली असती. त्यातलं किती धरेल ते मला माहीत नव्हतं, सोनुबाईलाही नाही. ती कुंपणाशी उभी राहून म्हणाली, “विस्तव आणू का?”

“आणा.”

तिने आपल्या चुलीतला निखारा खापरीत घालून आणला आणि माझ्या दारातूनच दिला, आत आली नाही. मंगळीची लाकडं आता चांगली वाळली होती. तरी जाळ पटकन होईना. मग मी फुंकणी घेतली. या वेळी ती खाली ठेवली नाही. धूर वर गेला, रिकाम्या बांबूभोवती फिरला आणि कौलांतून बाहेर पडला. वर टिकवायला काहीच नव्हतं. मी भात ठेवला, तो खाली लागला, तरी खाल्ला.

मग चुलीपाशीच बसून पत्र लिहिलं.

‘चि. सुंदरास अनेक आशीर्वाद. मी तुझ्यावर रागावलो नाही. हिरामणने तुला सांगितलं ते खरं नाही, माझी लाज राखायला तो तसं बोलला. आई गेल्यापासून चूल पेटलीच नव्हती, आज पेटली. लसूण मी चुलीवरून काढून खिडकीत टांगली आणि ती गेली. सोनुबाई न्यायला तयार होत्या, मीच दिली नाही. आईने त्यांना दिलेली होती ती त्यांनी मला खाऊ घातली, त्यांना बोल लावू नकोस. मूठभर पाकळ्या जिवंत निघाल्या, त्या आईच्या वाफ्यात लावल्या आहेत. धरतील की नाही सांगता येत नाही. धरल्या तर फाल्गुनात ये, तुझ्या हाताने उपट, आणि पावसाळ्यात त्या तुझ्याच चुलीवर राहू दे. माझ्यावर सोपवू नकोस. तुझ्या वाफ्यांत यंदा मेथी तरी लाव.’

वाचून पाहिलं तर मेथीचं वाक्य मला मूर्खपणाचं वाटलं. खोडायला टाक उचलला होता. पण खोडलं की सगळं पुन्हा लिहावंसं वाटेल, एवढं मी स्वतःला ओळखत होतो. तसंच घडी घालून पाकिटात ठेवलं.

हिरामण गवताचे भारे घेऊन सकाळी नेरळला जाणार होता. मी पत्र त्याच्याकडे देणार होतो, पण आयत्या वेळी गाडीत त्याच्या शेजारी बसलो. वाटेत नदीकाठच्या शेतांत भात पिवळं पडायला लागलं होतं. तो बैलांशी बोलत होता, माझ्याशी नाही. स्टेशनाजवळच्या पोस्टाशी गाडी थांबवल्यावर त्याने विचारलं, “त्यात माजं नाव घातलंत का?”

“घातलं.”

“खोटं बोललो म्हून?”

“हो. माझ्यासाठी बोललास असंही लिहिलंय.”

त्याने मान हलवली. मी खाली उतरलो आणि पेटीसमोर पाकीट हातात धरून उभा राहिलो. मागे एक गाडीवाला वाट मागत होता.

“टाका की, मास्तर,” हिरामण म्हणाला. “बैल खोळंबलेत.”

मी टाकलं.