स्थानिक उदाहरण

मी स्लाइडवर टाकलेली गोष्ट जगातून जाते. पहिली गेली ती कॉलेजमागची टेकडी. सोमवारी तिचा फोटो ‘भूरूपे’ या पाठात घातला, मंगळवारी खिडकीतून थेट हमरस्ता दिसू लागला. शिपाई म्हणाला, “बरं झालं सर, वारा येतोय.”

मी भूगोल शिकवतो. बावीस वर्षं खडू आणि हातवाऱ्यांवर निभावलं. आता मूल्यांकन समिती येणार, म्हणून विभागप्रमुख निंबाळकर मॅडमनी फर्मान काढलं: अध्यापन आधुनिक हवं, प्रत्येक पाठाला एक स्थानिक उदाहरण, फोटोसह.

“मॅडम, टेकडी गेली.”

“स्लाइडवर आहे ना? मग झालं तर.”

मला संताप आला, आणि तशाच संतापात मी निमूटपणे कामाला लागलो. ओढा टाकला, दगडी पूल टाकला. ‘ग्रामीण वसाहती’साठी काही सुचेना, तेव्हा क्षेत्रभेटीत पाहिलेलं धामणसर टाकलं. एवढंसं गाव, कोणाला काय फरक पडतो, असं वाटलं. चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी तृतीय वर्षाची रेणुका धायगुडे पिशवी घेऊन वर्गात आली.

“सर, एसटी फाट्यावरच थांबली. पुढं रस्ताच न्हाई. आमचं गाव तुम्ही घातलं का त्यात?”

“घातलं.”

“आई?”

मी फोटो मोठा करून पाहिला. “पारावर बसल्यात. बऱ्या दिसतात.”

“मग काढा की त्यांना.”

पाठ अपलोड झाला होता. मॅडम म्हणाल्या, समिती जाईपर्यंत हात लावायचा नाही. समिती तर अजून यायचीच होती.

रेणुका तीन दिवस मागच्या बाकावर बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, “माझाबी फोटो घाला सर. आईच्या शेजारी.” मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्याकडे बघायचीही मला लाज वाटत होती. मॅडमनी फोटो जोडायला मात्र लगेच परवानगी दिली.

समिती आली. पडद्यावर धामणसर लागलं, पारावर मायलेकी.

“उत्तम,” अध्यक्ष म्हणाले. “विद्यार्थ्यांचा सहभाग दिसतोय.”

मी सवयीने विचारलं, “काही शंका?”

पडद्यावर रेणुकाने हात वर केला. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिची आई उठली, पदर खोचला आणि आमच्या दिशेने धावत निघाली. जवळ येईल तशी ती मोठी होत गेली, पडदाभर झाली, आणि तिने आतून दोन्ही तळवे पडद्याला लावले.

“वेळ कमी आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पुढची स्लाइड.”

मी बटण दाबलं.