हरवली आहे: एक स्टील गिटार

मी एक तबकडी बोलतेय. वाजत नाहीये, बोलतेय. वाजताना मला स्वतःचं काही सांगता येत नाही, सुई नेईल तिकडे जावं लागतं. आज सुई वर आहे आणि रोवीना बाजारात गेली आहे, तेव्हा म्हटलं, सांगून टाकावं एकदाचं.

माझा आकार मोठ्या बशीएवढा. अंगावर शिक्का आहे, 'विक्रीसाठी नाही'. सुरुवातीला मला त्याचा भारी तोरा होता. मग कळलं, आम्हाला रेडिओ केंद्रांना फुकट वाटण्यासाठीच काढलं होतं! म्हणून आमच्या दोन्ही बाजूंना एकच गाणं, 'दुसऱ्या पुलाशी वळ'. पांढऱ्या लेबलाच्या बाजूला व्हायोलिनांचा ताफा आहे आणि निळ्या लेबलाच्या बाजूला स्टील गिटार. बाकी शब्द तेच, आवाज तोच, रोवीना टॅकेटचा.

रोवीना केंटकीच्या डोंगरातली, कोल्टर्स फोर्कची. निळ्या बाजूवर स्टील वाजवलीय तिच्या बापाने, हर्शेलने. ही गिटार मांडीवर घेत नाहीत, टेबलासारखी पुढ्यात ठेवून तारांवरून लोखंडी कांडी सरकवतात. हर्शेलने तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली आणि छाती तिथेच घालवली. पण शनिवारच्या नाचाला आणि रविवारी चर्चमध्ये त्याची स्टील नाही असं कधी झालं नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत रोवीनाने हट्ट धरून त्याला गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी नॅशव्हिलला नेलं. आला तो चर्चचा इस्त्रीचा शर्ट घालून, आणि शहरात खायला काय मिळेल कुणास ठाऊक म्हणून डब्यात हॅम आणि बिस्किटं घेऊन. ती बिस्किटं सगळ्या वादकांनी संपवली. मग त्याने एका दमात गाणं वाजवलं. शेवटची ओळ आहे, 'धूळ दिसली की आलंच घर', आणि तिच्यामागून त्याची स्टील चार सेकंद हळूच खाली उतरते. ते झालं आणि इतका वेळ दाबून धरलेला खोकला उसळला. खोकला कापून टाकलाय, पण त्याच्या आधी आत ओढलेला श्वास निळ्या बाजूच्या अगदी शेवटी अजून आहे. नीट कान दिलात तर ऐकू येतो.

मग रेकॉर्ड कंपनीतले लोक बसले. गाणं गोड आहे म्हणाले, पण स्टील वाजली की शहरातली माणसं स्टेशन बदलतात. त्यांनी स्टील काढली, व्हायोलिनं भरली, आणि हीच बाजू वाजवा म्हणून पांढऱ्या लेबलावर चांदणी छापली. निळी बाजू ठेवली ती उपकार केल्यासारखी. रोवीनाने मान डोलावली. सव्वीस वर्षांची पोर, सात वर्षं हॉटेलात ताटं वाहिलेली, आणि हे तिचं पहिलंच गाणं बाहेर पडत होतं. मी तिला बोल लावणार नाही.

पण बापाला तिने सांगितलं नाही, हे मात्र चुकलंच. तो फोनवर विचारी, "कसं झालंय?" ती म्हणे, "छान झालंय, डॅडी. ऐकाल तेव्हा कळेल." माणसांची ही खोड मी पुढेही पुष्कळ पाहिली. अवघड गोष्ट जवळच्याच माणसाला सांगायची म्हटली की त्यांची जीभ अडते.

जूनमध्ये मी बाहेर पडले. रोवीना आणि कंपनीचा माणूस ड्वेन लॅशली गाडी घेऊन एकेका रेडिओ केंद्रावर जात होते. हात मिळवायचे, सोबत आणलेला केक कापायचा, तबकडी द्यायची आणि ती वाजेपर्यंत हसत बसायचं. सहाव्या दिवशी कोल्टर्स फोर्क आलं आणि त्या गावाच्या वाट्याला मी आले.

तिथलं केंद्र म्हणजे खिळे-मोळ्यांच्या दुकानावरची एक खोली, आणि त्या खोलीची मालकीण, निवेदक, झाडूवाली, सगळं मिस ओपल. साठीची बाई. गावातले मृत्यू आणि केकची कृती एकाच आवाजात वाचायची. तिचा 'अदलाबदल' नावाचा सकाळचा कार्यक्रम होता. कुणाचा फ्रीज विकायचाय, कुणाला पिल्लं फुकट द्यायचीत, कुणाचं कुत्रं हरवलंय, ते लोक फोन करून सांगत आणि ती सगळ्या गावाला ऐकवी. अख्खं गाव त्या वेळी रेडिओला चिकटलेलं असे.

मला पाकिटातून काढलं तेव्हा रोवीनाचा चेहरा उतरला होता. ड्वेनला बाजूला घेऊन ती म्हणाली, फक्त इथे निळी बाजू वाजवूया. ड्वेन काही वाईट माणूस नव्हता, पण त्याने साफ नाही म्हटलं. सगळीकडे एकच बाजू वाजली पाहिजे, नाहीतर गाणं किती वेळा वाजलं ते मोजताना अर्धं इकडे अर्धं तिकडे होऊन गाणं दोन्हीकडून आपटतं. कंपनी चिडली तर दुसरं गाणंही मिळायचं नाही. रोवीनाने पुन्हा मान डोलावली.

मिस ओपल माइकवर म्हणाली, "हर्शेल, रेडिओ मोठा कर. तुझी लेक आलीय." आणि पांढऱ्या बाजूवर सुई ठेवली.

मला थांबता येत नव्हतं हो. तीन मिनिटं फिरत राहिले. त्याची जागा आली की तिथे व्हायोलिनं यायची. घरी त्याने शेजारपाजारचे लोक बोलावले होते, हे मागाहून कळलं. रोवीना जमिनीकडे बघत होती. गाणं संपलं, मिस ओपलने चष्म्यावरून माझं लेबल वाचलं आणि 'अदलाबदल' सुरू केलं. कुणीतरी फ्रीज विकला, कुणाचं तरी बीगल कुत्रं दोन दिवस बेपत्ता होतं. तिसरा फोन हर्शेलचा होता.

"मिस ओपल, हरवल्याचं सांगायचंय."

"सांग हर्शेल. काय हरवलंय?"

"एक स्टील गिटार. फेब्रुवारीत नॅशव्हिलला शेवटची ऐकली होती. वयस्कर आहे, जरा धापा टाकते, पण चावत नाही. कुणाला सापडली तर आणून द्या. आणणाऱ्याला सुक्या सफरचंदांचा केक."

ड्वेन छताकडे बघत राहिला. रोवीना उठली आणि माइकशी जाऊन उभी राहिली.

"हरवली नाही, डॅडी. मी लपवली. तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं."

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "मला अंदाज होता, पोरी. खरंच छान झालं असतं तर तू फोनवरच दहादा ऐकवलं असतंस. त्यांनी काढली त्याचं मला काही नाही. तू सांगितलं नाहीस ते लागलं."

रोवीनाने डोळे पुसले आणि वळून म्हणाली, "मिस ओपल, उलटा तिला."

"रोवीना, नीट विचार कर," ड्वेन म्हणाला.

"चार महिने तोच केला."

आणि मिस ओपलने मला उलटलं. एवढ्या आयुष्यात मला इतक्या हळू कुणी धरलं नव्हतं.

त्यानंतर फोन थांबेनात. न्हावी म्हणाला, स्टील गिटार माझ्या दुकानात सापडलीय, केक इकडे पाठवा. चर्चची एक बाई म्हणाली, ओढ्याकाठी फिरताना दिसली, तब्येत बरी आहे. दुसऱ्या दिवशी लोक 'ते हरवलेलं गाणं लावा' म्हणून फोन करू लागले, मग शेजारच्या गावातले, मग त्यापलीकडचे. कंपनीने पंधरा दिवस रोवीनाशी बोलणं टाकलं आणि सोळाव्या दिवशी निळ्या लेबलावर चांदणी छापून नव्या तबकड्या धाडल्या. पहिला नंबर वगैरे काही आला नाही. देशाच्या यादीत गाणं एकेचाळिसावं आलं. हर्शेल म्हणाला, चाळिसाच्या आत फार गर्दी असते. केक त्याने मिस ओपलला नेऊन दिला.

चार वर्षांनी हर्शेल गेला. पुढे केंद्र बंद झालं आणि मिस ओपलने मला रोवीनाच्या हवाली केलं. आता माझी पांढरी बाजू नव्या नवरीसारखी चकचकीत आहे आणि निळी झिजून राखाडी पडलीय. रोवीना सत्तरी ओलांडून गेली. दोन वर्षांपूर्वी तिने बापाची स्टील गोधडीखालून काढली आणि शिकायला बसली. शिकवणार कोण? मीच. शेवटचे चार सेकंद वाजवायचे, सुई मागे, परत तेच. आधी आधी तिला अजिबात जमायचं नाही, सूर भलतीकडेच घसरायचा, आणि ती स्वतःलाच शिव्या घालायची. इकडे माझी ती रेघ झिजत चालली. गाण्यापेक्षा खरखर जास्त झाली. मला भीती वाटू लागली, खोटं कशाला बोलू? मी पुसले गेले तर माझ्यातला तो माणूसही जाणार.

परवा गुरुवारी ती गिटारीपुढे बसली आणि तिने मला हातच लावला नाही. मला वाईट वाटलं. तिने गाणं पहिल्यापासून वाजवलं, शेवटच्या ओळीला आली आणि तारेवरून कांडी अशी खाली आणली की मी ऐकतच राहिले. शेवटी सूर थांबला आणि तिने श्वास आत ओढला, अगदी त्याच जागी, अगदी तसाच. तो काही ती शिकली नव्हती, तिला तो ठाऊकही नसावा.

मग ती एकटीच हसली आणि म्हणाली, "सापडली, डॅडी."

आता माझी काही तक्रार नाही. मला खुशाल खिळ्याला टांगा, धूळ बसली तरी चालेल. फक्त टांगताना एवढं करा, निळी बाजू बाहेर ठेवा.