गौराबाईच्या पापणीत बसलेला कान

मित्रांनो, मी एक जुना कानाचा तुकडा हाय, पन ऱ्हातो डोळ्यात. हसू नका. नळदुर्गाजवळच्या गौराबाईच्या डाव्या कानात मी जन्मलो. वर मोत्याची बुगडी झुलायची, खाली खळगीत मी ऐटीत बसायचो.

निजामाच्या राज्यातली शेवटली वर्सं. भर दुपारी खळ्यावर लुटारू आले. एकानं उजवी बुगडी हिसडली, तसा माझा भाऊ, उजवा कान, टरकन फाटला. गौराबाईनं विळ्यानं त्या लुटारूची पाच बोटं उडवली. ती स्वतः दोनच सांगती, तिला मोजता येत न्हाय. त्यानं दुसऱ्या हातानं तलवार फिरवली. डोळ्याखालचा गाल उघडा पडला, ज्वारीची रास रगतानं भिजली.

तिचा नवरा महांतप्पा घाबरला. पायाच्या भेगेत भरत्यात तसं त्यानं बिब्ब्याचं कढत तेल जखमेत भरलं. गाल जळला, उतला, आन वाळताना असा आखडला, की खालची पापणी खाली वढली गेली. डोळा मिटंना. झोपेत बी तो लालभडक डोळा महांतप्पाकडं बघायचा. मग त्याला कुठली झोप?

बैलगाडीनं दोघं सोलापूरला गेले. डॉक्टरीणबाई म्हनल्या, असाच उघडा ऱ्हायला तर डोळा वाळून फुटंल. वण कापून पापणी वर घेऊ, पन तिला टेकू म्हनून कानातलं मऊ हाड लागंल.

महांतप्पानं हात जोडले. "माझा कान घ्या, बाई. हिचा एकच धड ऱ्हायलाय. बुगडी कुठं घालंल?"

"आन डोळा गेला तर बुगडी बघू कशानं?" गौराबाई म्हनली. "माझाच कापा, बाई. ह्यांच्या कानाला केस हायती."

सुरी फिरली. मला खळगीतून सोलून काढलं. वण चिरला, पापणीत मला सारलं, वर टाके मारले. आठ दिवस दोन्ही पापण्या एकमेकीला शिवून ठेवल्या. आत मी रगतात पडून कण्हत होतो.

टाके निघाले. गौराबाईनं हळूच डोळा मिटला. पुरता मिटला.

"आता निजा तुमी," ती नवऱ्याला म्हनली. महांतप्पा तितंच फरशीवर आडवा झाला, आन घोरला बी.

मित्रांनो, डोळ्याजवळ लागलं तर बिब्बा लावू नका, दवाखाना गाठा. आन ध्यानात ठेवा, मी आजून बी कानच हाय. गौराबाईनं डोळा मिटला, म्हंजी ती निजली असं समजून तिच्याम्होरं कुजबुजू नका.