शर्टावर पाठ केलेलं भाषण

मी इस्त्री बोलतेय. जरा लांबूनच ऐका. माझ्या तोंडात गोडवा नाही, धग आहे.

कारखान्यातून निघाले ती एका हॉटेलात पडले. तिथे ज्याच्या त्याच्या हाती. कुणी आपटायचं, कुणी तापलेली तशीच सोडून गप्पा मारायला जायचं. स्वतः विसरायचं आणि चादर जळाली की दोष इस्त्रीला, ही माणसांची रीतच. मूठ फुटली तेव्हा मला भंगारात काढलं. तिथून मालकिणीने उचललं, लाकडी मूठ बसवली, मिठावर घासून तळ लखलखीत केला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मालकिणीची लाँड्री लहान. ती, तिची नणंद आणि कामाला चार बाया. कामाला ती वाघीण, पण चार माणसांपुढे उभी केली की जीभ टाळूला चिकटायची.

आमचं मोठं गिऱ्हाईक, एक वसतिगृह, बंद पडलं. बाया रिकाम्या बसू लागल्या. तेवढ्यात कळलं, नवं इस्पितळ धुलाईचं काम देणार आहे. पण आधी प्रत्येक लाँड्रीवाल्याने त्यांच्या समितीपुढे दहा मिनिटं बोलायचं. काम हुकलं तर चौघी घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मालकिणीने भाषण पाठ केलं ते माझ्यासोबत. कॉलरला नमस्कार, बाहीला लाँड्रीची माहिती, कफला कापडाची काळजी, पाठीला वेळेची हमी. शर्ट संपला की भाषण संपलं. आठ दिवस हेच. मी खूश.

मग नणंदेने तिला बायांपुढे रिकाम्या हातांनी उभी केली. ती "नमस्कार" म्हणाली आणि थांबली. उजवा हात नुसताच हवेत पुढे-मागे फिरत राहिला.

"पुढे?" नणंद म्हणाली.

"बाही कुठाय?"

बाया हसून लोटपोट. मालकीण मात्र कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायला लागली.

"रडतेस काय वहिनी? परवा एक गिऱ्हाईक तुटलेल्या बटणावरून कांगावा करत आलं, त्याला तासभर सुनावलंस. तेव्हा कुठला शर्ट होता हातात?"

"ते भांडण होतं. ते काय भाषण झालं?"

"तसंच बोल. शिव्या तेवढ्या गाळ."

समितीपुढे जाताना तिने मला पिशवीत घातलं, वेळ पडली तर शर्ट काढून इस्त्री करता करता बोलू म्हणून. पिशवीच्या तोंडातून मला दिसलं, आमच्या आधी मोठ्या यंत्रांच्या लाँड्रीचा मालक होता. पडद्यावरचं वाचत होता, समितीकडे पाठ करून. एक डॉक्टरीणबाई जांभई देत होत्या.

मालकीण उभी राहिली. मला वाटलं, आता मला बाहेर काढणार. पण ती त्या बाईंकडे बघत होती.

"बाई, तुमच्या खिशावरचा शाईचा डाग किती दिवसांचा?"

"सहा महिने झाले. निघतच नाही."

"निघणार नाही. डाग न काढता कुणीतरी वर इस्त्री फिरवली, तो पक्का बसला. आमच्याकडे आधी डाग बघतात, मग धुतात."

शेजारचे डॉक्टर आपली बाही पुढे करून म्हणाले, "आणि हा?"

झालं. कॉलरच्या आधी बाही आली, बाहीच्या आधी पाठ. भाषणाचा क्रम पार उधळला आणि समितीची पाचही माणसं पुढे सरकून ऐकू लागली.

"यंत्रांशिवाय एवढं जमेल?" एकाने विचारलं.

"सगळं नाही जमणार. चादरी त्या यंत्रवाल्यांना द्या. अंगावरचे कपडे आम्हाला द्या."

तसंच झालं. चारही बाया कामावर राहिल्या. मी पिशवीतून बाहेर निघालेच नाही, आणि त्याचा मला आनंदच झाला.

आता वाफेच्या नव्या इस्त्र्या आल्यात. माझ्या वाट्याला फक्त डॉक्टरांच्या कॉलरी. तक्रार नाही. मागच्या आठवड्यात मालकीण दुसऱ्या इस्पितळात बोलायला निघाली, मोकळ्या हातांनी. जाताना माझी वायर काढली आणि म्हणाली, "तू हो जरा थंड. मी येते बोलून."

उभ्या जन्मात मला "विसावा घे" असं कुणी म्हटलं नव्हतं.