अर्धी किक

"ताता, यंदा लिंबू कोण चिरडणार?"

प्रश्न सिंचनाने विचारला खरा, पण तो तिच्या तोंडी कोंबला होता लिखिता आणि अफ्रीनने. दोघी मैत्रिणी कंपाउंडच्या भिंतीआड हसू दाबून उभ्या होत्या. हिंमत असेल तर आजोबांना विचारून दाखव, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

आयुधपूजेचा दिवस. म्हैसूरच्या त्या गल्लीत सगळ्या गाड्या न्हाऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या चाकांपुढे लिंबं ठेवलेली. आरती झाली की गाडी पुढे घ्यायची, लिंबं फोडायची, मग कोहळा. पण ताताच्या जुन्या जावा मोटारसायकलबद्दल हे विचारायचं नाही, असा घरात न बोलता ठरलेला नियम होता. ताताच्या गुडघ्यांना आता किक झेपत नव्हती. सिंचनाचे वडील, अप्पा, स्कूटरवाले. आणि रविवारी बंगळूरचा एक हॉटेलवाला जावा न्यायला येणार होता. चालवायला नाही. भिंतीवर टांगायला. लोक तिच्याखाली बसून डोसे खाणार.

आणि गाडी कशी, तर बघत राहावं अशी. मरून रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना आरशासारखं क्रोम, दोन बाजूंना दोन लांब सायलेन्सर. बुलेटशेजारी उभी केली तर पैलवानाशेजारी नर्तकी वाटावी इतकी सडपातळ. तरी ताता रेशीम खात्यात होते तोवर हिच्यावरूनच तुतीचे मळे पालथे घालत. पुढे टाकीवर पिशव्या, मागे अज्जी, अज्जीच्या मांडीवर अप्पा. कधी कुरकुरली नाही.

ताता गंध उगाळत होते. मान वर न करता म्हणाले, "ढकलून चिरडू. तुझा अप्पा हँडल धरेल, मी मागून जोर लावतो."

"ढकलून?" भिंतीपलीकडून अफ्रीन म्हणाली. "ताता, लग्नाच्या घोड्याला कुणी ढकलतं का?"

"भिंतीला तोंड फुटलं वाटतं. आत या गं, कोसंबरी खा."

"मी चालवते," सिंचना म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं. मागच्याच महिन्यात ती अठराची झाली होती, लर्नर लायसन्स कोरं करकरीत होतं. पण हात बसलेला तो अम्माच्या बिनगियरच्या गाडीवर.

अप्पा म्हणाले, "पुट्टी, बाळा, हे खेळणं नाही."

ताता मात्र गंधाचे हात पुसून उठले. टाकी त्यांनी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, पेट्रोलात तेल नीट मिसळून. लेक सासरी निघताना उपाशी नको म्हणून. त्यांनी सिंचनाला पायाशी असलेला दांडा दाखवला. "हा आत दाबून वर फिरवला की किक. गाडी चालू झाली की परत खाली, मग हाच गियर."

"एकच दांडा दोन कामं करतो?"

"तुझ्या अम्मासारखा."

"अम्मा चार करते," दारातून अम्मा म्हणाली.

सिंचनाने पाय ठेवला. दांडा उलटून नडगीवर बसेल या भीतीने तिने जपून, चोरटी किक मारली. आणि काय, डुग डुग डुग. पहिल्याच किकला. लिखिताने शिट्टी मारली. सिंचनाने ऐटीत पहिला गियर टाकला, क्लच सोडला, आणि जावा मागे निघाली.

मागे. रांगोळीवरून, पाण्याची बादली आडवी करून, थेट कोहळ्यावर. कोहळा फुटला, इंजिन बंद पडलं. चाकांपुढची लिंबं होती तिथेच, टवटवीत.

"कोहळा असा फोडत नाहीत," अप्पा म्हणाले. "म्हणून सांगत होतो, आपल्या घरात ही आता कुणाला जमणार नाही. जाऊ दे तिला."

सिंचनाचे कान लाल झाले. ताता मात्र डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. "अगं, अर्ध्या मनाने किक मारली की हिचं इंजिन कधीकधी उलटं फिरतं. मग पहिला गियरसुद्धा मागे नेतो. हिला भित्रा पाय कळतो. तुझ्या अज्जीला बघायला गेलो होतो ना, निघताना सगळे दारात उभे, आणि मी ऐटीत उलटा त्यांच्या गोठ्यात शिरलो."

"तरी अज्जी हो म्हणाली?"

"दुसरी किक बघून म्हणाली."

ताता हळूच मागच्या सीटवर बसले. "लर्नरच्या मागे लायसन्सवाला लागतो. माझं अजून चालू आहे. मार, पण पूर्ण."

सिंचनाने सगळा भार पायावर दिला. डुग डुग डुग. दांडा खाली, गियर, क्लच. दोन्ही लिंबं फटाफट फुटली. जावा गल्लीभर निघाली, हलकी, जणू रस्ताच तिच्याखालून कुणी ओढून घेतंय. मागे निळसर धूर, त्यामागे धावणाऱ्या दोन मैत्रिणी, आणि सिंचनाच्या खांद्यावर ताताचा हात, जो वळणावरसुद्धा घट्ट झाला नाही.

परतली तेव्हा अप्पा फुटका कोहळा गोळा करत होते. पण नजर गाडीवर होती, अज्जीच्या मांडीवरच्या पोराची.

सिंचनाने इंजिन बंद केलं नाही. "अप्पा, अम्मा, त्या हॉटेलवाल्याला कळवा, भिंतीला दुसरं काहीतरी शोध म्हणावं. जावा इथेच राहणार. किक रोज मी मारणार. पूर्ण."